जखम दिसली तर काय बोलायचं?

भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांच्या गेटवर एक फलक असतो. शेवटचा अपघात कधी झाला आणि त्यानंतर किती दिवस अपघाताविना गेले, हे त्यावर लिहिलेलं असतं. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो, कामगार शपथ घेतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. नव्यानं लागलेल्या हेल्परलाही 'निअर मिस' हा शब्द लवकरच शिकवला जातो. हातातला पाना निसटला, कुणाला लागला नाही, तरी तो प्रकार नोंदवायचा. नोंदवणाऱ्यावर डाफरायचं नाही, कारण आज तो गप्प बसला तर उद्याचा मोठा अपघात कुणाला आधी कळणारच नाही. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली मांडलं होतं की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ अपघात आणि ३०० विनाइजा घटना दडलेल्या असतात. त्यांच्या आकड्यांवर पुढं बरेच आक्षेप घेतले गेले. लहान गोष्ट ऐकून घेतली की मोठी टळते, हा त्यामागचा विचार मात्र कारखानदारीनं कायमचा उचलला.

याच पट्ट्यातल्या घरांमध्ये, शाळांमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये एखादा मुलगा किंवा मुलगी स्वतःच स्वतःला जखमा करून घेते आहे असं लक्षात आलं, की नेमकं उलटं घडतं. "नाटकं बंद कर." "आम्ही काय कमी केलं तुला?" "बाहेर कुणाला सांगू नकोस." कंपनीत ज्या बापानं सुरक्षेचं बक्षीस घेतलेलं असतं, तोही घरी आल्यावर भीतीनं आधी ओरडतो. त्याला मुलाची काळजी नसते असं मुळीच नाही. अशा वेळी काय बोलायचं हे त्याला कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

मरण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करणं म्हणजे स्व-इजा. तरुण मुलं तिला सरळ 'सेल्फ हार्म' म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत तिची स्वतंत्र नोंद घेतली, तीही 'आणखी अभ्यास हवा' या यादीत. म्हणजे ती आपोआप कुठला आजार ठरत नाही, ती एक वागणूक आहे. तिच्यामागे नैराश्य असू शकतं, चिंता असू शकते, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, वर्गातली छळवणूक, नात्यातली तुटातूट असू शकते. कधी यातलं एकही ठळक कारण सापडत नाही, तरीही त्या मुलाचं दुःख खरंच असतं.

हे किती मुलांच्या बाबतीत घडतं? सारा स्वॉनेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १७ टक्के मुलांनी आयुष्यात कधी ना कधी असं केल्याचं सांगितलं होतं. बहुतेकांची सुरुवात बारा ते चौदा या वयात, म्हणजे सातवी-आठवीच्या सुमारास होते. ऑक्सफर्डच्या कीथ हॉटन यांच्या गटानं २००२ साली इंग्लंडमधल्या ४१ शाळांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या सहा हजारांवर मुलामुलींना विचारलं, तेव्हा मागच्या वर्षभरात जवळपास ७ टक्क्यांनी स्वतःला इजा केलेली होती. त्यांतल्या रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण होतं जेमतेम १२.६ टक्के. दर आठांपैकी सात मुलांचं काय झालं हे कुठल्याही रुग्णालयाला कळलं नाही. कळलं असेल तर एखाद्या मैत्रिणीला, भावाला, नाहीतर कुणालाच नाही.

"लक्ष वेधून घ्यायला करतात" हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत घातक गैरसमज आहे. लक्षच वेधायचं असतं तर मुलांनी जखमा लपवल्या नसत्या. डेव्हिड क्लॉन्स्की या मानसशास्त्रज्ञानं २००७ साली १८ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेलं कारण एकच होतं: असह्य झालेली भावना कशीबशी आटोक्यात आणणं. काहींना स्वतःला शिक्षा द्यायची असते. काहींना सगळं बधिर झाल्यासारखं वाटतं आणि त्या बधिरपणातून बाहेर यायचं असतं. दुसऱ्याला काही दाखवून देणं हे कारण त्या मानानं कमी आढळतं. आणि तसं असलं तरी, ज्या मुलाला आपलं दुःख शब्दांत सांगता येत नाही त्याच्याकडं लक्ष द्यायला नको, असा निष्कर्ष त्यातून कसा काढता येईल?

यामागचं शरीरशास्त्र समजून घेतलं की राग पुष्कळ निवळतो. तेरा-चौदाव्या वर्षी मेंदूतली भावनांची यंत्रणा जोरात असते. थांब, जरा विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पूर्ण विकसित व्हायला विशी-पंचविशी उजाडते. अशा वेळी मनातला कल्लोळ वाढला तर शारीरिक वेदना काही क्षण सगळं लक्ष आपल्याकडं ओढून घेते, आणि ती ओसरताना सुटका झाल्याचा भास होतो. पण ही सुटका काही मिनिटांचीच असते. मूळचा ताण जागच्या जागी राहतो आणि त्यावर लाज, अपराधीपणा, लपवाछपवी यांचा नवा थर चढतो. पुढच्या वेळी मेंदू तीच वाट आधी सुचवतो. अशी ती सवय होते, इजा वाढत जाते, आणि मूल आणखी एकटं पडतं.

पिंपरी-चिंचवडमध्ये हे एकटेपण फार सहज वाट्याला येतं, याचं कारण या शहराच्या घडणीत आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहायला लागला, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आले, पुढं चाकणला गाड्यांचे कारखाने उभे राहिले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांपुढं गेली. लातूर, बीड, परभणी, जळगाव, बुलढाणा, सोलापूर, शिवाय उत्तर प्रदेश आणि बिहारमधून माणसं आली. गावातला चौक, चुलत भावंडं, तक्रार घेऊन जायची आजी मागे राहिली. थेरगाव किंवा चिखलीतल्या दोन खोल्यांच्या घरात बाप नाईट शिफ्ट करून सकाळी झोपतो, आई पॅकिंगच्या कामाला किंवा घरकामाला जाते, आणि शाळेतून आलेलं मूल आवाज न करता जेवतं, कारण पप्पा झोपलेत. आईबापांच्या प्रेमात काही उणं नसतं. तिघं एका वेळी जागी असतील असे तास मात्र फार कमी असतात.

चाकणच्या बाजूला, म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळीच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांची गोष्ट आणखी वेगळी. अठरा-वीस वर्षांचा आयटीआय झालेला मुलगा अप्रेंटिस किंवा कंत्राटी म्हणून लागतो, पाच-सहा जणांत खोली घेतो, मेसचा डबा खातो आणि घरी फोनवर "सगळं बरंय" एवढंच सांगतो. गावी बहिणीचं लग्न असतं, कर्जाचा हप्ता असतो, आणि सहा-सात महिन्यांनी कामावर ठेवतील की ब्रेक देतील याची टांगती तलवार. पुरुषानं रडायचं नाही हे त्याला लहानपणापासून बजावलेलं. सर्वेक्षणांत स्व-इजा मुलींमध्ये जास्त आढळते हे खरं, पण मुलग्यांच्या जखमांना मारामारीचं किंवा कामातल्या निष्काळजीपणाचं नाव पटकन मिळतं आणि विचारायचं राहून जातं. अशा पोराच्या बाबतीत काही बिघडलंय हे पहिल्यांदा कळू शकतं ते रूम पार्टनरला, लाइनवरच्या सुपरवायझरला, नाहीतर मेसवाल्या काकूंना.

मग जखम दिसली तर काय बोलायचं? आधी जखमेकडं बघायचं: स्वच्छ धुवायची, मलमपट्टी करायची, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का ते डॉक्टरांना विचारायचं. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा मुलानं काही घेतल्याची शंका असेल, तर एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यायचं. तिथंही "स्वतःच केलंस ना, मग सोस" असला सूर कुणाच्या तोंडी येऊ नये.

पट्टी बांधून झाली की आईनं किंवा पप्पांनी शेजारी बसून शांतपणे एवढंच म्हणावं, "मला दिसलं. मला राग आलेला नाही. खूप त्रास होत असणार तुला. आत्ता नाही बोलावंसं वाटलं तरी चालेल, मी इथंच आहे." मूल पाच मिनिटं गप्प राहील. ती पाच मिनिटं सल्ल्यानं भरून काढायची नाहीत. शपथा घालायच्या नाहीत, "परत करणार नाही म्हण" असं वदवून घ्यायचं नाही, बाही वर करून रोज तपासणी करायची नाही. वचन मोडलं गेलं की मूल पुढच्या वेळी सांगणार नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो. घरातल्या धोकादायक वस्तू आणि औषधं मात्र मुलाशी बोलून, अपमान न करता, हाताशी राहणार नाहीत अशी ठेवावीत.

इथं कारखान्याच्या पद्धतीपासून फारकत घ्यावी लागते. शॉपमध्ये बिघाडाचं मूळ शोधायला 'का? का? का?' असं पाच वेळा विचारतात. मुलाला पाच वेळा "का केलंस?" विचारलं तर ती उलटतपासणी होते, आणि बहुतेक मुलांना त्या 'का'चं उत्तर स्वतःलाही ठाऊक नसतं. "त्याच्या आधी काय झालं होतं?" "तेव्हा मनात काय चाललं होतं?" हे प्रश्न सोपे असतात, त्यांना उत्तर येतं.

एक प्रश्न मात्र टाळायचा नाही: "तुला मरून जावंसं वाटतं का?" स्व-इजा आणि आत्महत्या या वेगळ्या गोष्टी आहेत, पण स्व-इजा करणाऱ्या मुलांमध्ये पुढं आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, म्हणून विचारणं भाग आहे. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. मॅडलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येबद्दल थेट विचारल्यानं मुलांचा त्रास वाढला नाही असं त्यांना दिसलं. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती त्यांना तो प्रश्न त्रासदायक ठरण्याऐवजी थोडा हलकं करणाराच ठरला. उत्तर 'हो' आलं तर त्या मुलाला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

बातम्यांनी या विषयाचं भलं केलेलं नाही. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या कथित ऑनलाइन खेळानं महाराष्ट्रात घबराट उडवली होती. शाळांनी पत्रकं काढली, पालकांनी मुलांचे फोन काढून घेतले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की चौकशी समितीला एकाही मृत्यूशी त्या खेळाचा संबंध जोडणारा पुरावा सापडला नाही. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतरही चर्चा लगेच ऑनलाइन गेमकडं वळली. मुलाचं वागणं आधीपासून बदललं होतं, हे घरच्यांनी सांगितलेलं त्या गदारोळात बाजूला पडलं. इंटरनेट निरुपद्रवी आहे असं कुणी म्हणू नये. ब्रिटनमधल्या मॉली रसेल या चौदा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या चौकशीत, २०२२ साली, तिनं पाहिलेल्या ऑनलाइन मजकुराचा त्यात वाटा होता असं अधिकृतपणे नोंदवलं गेलं, आणि त्याआधी २०१९ मध्येच इन्स्टाग्रामला स्व-इजेच्या भडक चित्रांवर बंदी घालावी लागली होती. पण फोन काढून घेणं म्हणजे बोलणं नव्हे. पुष्कळ मुलांचा जवळचा मित्र त्या फोनमध्येच असतो.

यावर उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. मार्शा लिनेहान ही अमेरिकन मुलगी १९६१ साली, सतराव्या वर्षी, कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात दाखल झाली. ती स्वतःला वारंवार इजा करत असे. तीच पुढं मानसशास्त्रज्ञ झाली आणि तिनं 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' ही उपचारपद्धती उभी केली. भावनांची लाट ओळखणं, ती ओसरेपर्यंत तग धरणं आणि माणसांशी नीट बोलणं यात शिकवलं जातं. जून २०११ मध्ये त्याच रुग्णालयात उभं राहून त्यांनी आपली कहाणी पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली. किशोरांसाठीच्या या उपचाराची नॉर्वेत ७७ मुलांवर चाचणी झाली, आणि २०१४ साली आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यानं स्व-इजा अधिक कमी झाल्याचं दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात पॉल मोरान आणि जॉर्ज पॅटन यांनी शेकडो मुलांचा किशोरवयापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. किशोरवयात स्व-इजा करणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांची ती तरुणपणी थांबलेली होती. तळमळणाऱ्या आईबापांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मात्र 'आपोआप जाईल' म्हणून हात बांधून बसायला तो परवाना देत नाही. त्याच अभ्यासात या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळली होती, आणि त्यांवर उपचार लागतातच.

कायदाही आता मुलाच्या बाजूनं आहे. "पोलीस केस होईल" या भीतीनं अनेक घरं दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं मानायचं, आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. २०१७ चाच कायदा विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगतो. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये कुटुंब असेल तर एचआरकडं हे विचारायला संकोच करू नये.

शाळा-कॉलेजांनाही आता अंग काढून घेता येणार नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत १,७६४ महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि शिक्षकांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. त्या प्रशिक्षणात स्व-इजेला कसा प्रतिसाद द्यायचा याचाही समावेश आहे. पालकसभेला गेल्यावर फी आणि गणवेशाबरोबर एवढं विचारावं: आपल्या शाळेचा समुपदेशक कोण, आणि तो भेटतो केव्हा?

जायचं कुठं, याचं उत्तर या पट्ट्यात जवळच आहे. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं वायसीएम, आहे, आणि तिथंच डी. वाय. पाटील रुग्णालयही आहे. दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहेत. ईएसआयचं कार्ड असेल तर कामगाराच्या बायकामुलांनाही वैद्यकीय लाभ मिळतो. चिंचवडला मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात जाऊन मानसोपचारासाठी चिठ्ठी मागता येते. चाकणकरांना आधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात विचारता येईल, आणि जिल्हा रुग्णालय औंधला आहे. पुण्यातली 'कनेक्टिंग ट्रस्ट' ही संस्था आत्महत्या-प्रतिबंधासाठी ऐकून घेण्याचं काम करते. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेचं पुण्यातही केंद्र आहे.

आणि हे वाचणारा जर तूच असशील, ज्याच्या किंवा जिच्या अंगावर अशा खुणा आहेत, तर तुझ्यासाठी थोडं. तू वेडा नाहीस, वाईट नाहीस. ती लाट कितीही मोठी वाटली तरी ती ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो: पंधरा मिनिटं थांबायचं, खोलीतून बाहेर माणसांत यायचं, तोंडावर गार पाणी मारायचं, श्वास सावकाश लांब सोडायचा, झपाझप एक चक्कर मारायची, कुणाला तरी फोन लावायचा. बरं वाटत असेल तेव्हाच एका कागदावर लिहून ठेवायचं की त्रास कशानं सुरू होतो, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, आणि कोणत्या तीन माणसांना फोन करायचा. आईला सांगता येत नसेल तर मावशीला सांग, दादाला सांग, मराठीच्या मॅडमना सांग. पहिल्या माणसाला समजलं नाही, तर दुसऱ्याला सांग. तोंडानं बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून दे.

मैत्रिणीनं "कुणाला सांगू नकोस" म्हणून काही दाखवलं असेल, तर ते गुपित एकटीनं सांभाळायचं नाही. तिला सांगूनच एका विश्वासू मोठ्या माणसापर्यंत पोहोचवायचं. ती चार दिवस रागावली तरी ते सोसायचं.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं, आणि गरज पडली तर समुपदेशक पुढं डॉक्टरांशी जोडून देतात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइनही आहे. फोन स्वतः त्रासात असलेल्यानंच करायला हवा असं नाही. आईबापांनी, शिक्षकांनी, रूम पार्टनरनं केला तरी चालतो. १४४१६ आणि १०९८ हे दोन नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि शाळेच्या, खोलीच्या, शॉपच्या ग्रुपवर पाठवा.